छत्र्या मिटणाऱ्या बाजाराची वाट

बँकॉकहून परतलेल्या मराठी माणसाच्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ बहुधा असतोच. भाजीबाजाराच्या मधोमध रूळ, दोन्ही बाजूंना टोपल्या, डोक्यावर ताडपत्र्या. भोंगा वाजतो, ताडपत्र्या भराभर मिटतात, आगगाडी माणसांच्या नाकासमोरून सरकत जाते आणि तिचा शेवटचा डबा पुढे जातो न जातो तोच बाजार पुन्हा जागच्या जागी. हा मेक्लोंगचा बाजार. थाई लोक त्याला ‘तलात रोम हुप’ म्हणतात, म्हणजे छत्र्या मिटण्याचा बाजार.

बहुतेक प्रवासी तिथे बँकॉकहून व्हॅनने थेट जातात, गाडी पाहतात आणि अर्ध्या तासात पुढच्या ठिकाणी निघतात. त्यात गाडी दिसते, पण ती तिथे का आहे ते कळत नाही. ते कळावं असं वाटत असेल तर त्याच रेल्वेने जायला हवं. दोन गाड्या आणि मध्ये एक नाव, असा हा प्रवास आहे. एका दिवसात होतो, तिकिटांना किरकोळ पैसे लागतात, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला वाटेत पावलोपावली ओळखीचं काहीतरी भेटतं.

आधी स्टेशनांचा घोळ मिटवू. बँकॉकमध्ये सगळ्या गाड्या एकाच ठिकाणाहून सुटत नाहीत. लांब पल्ल्याच्या गाड्या जानेवारी २०२३ पासून क्रुंग थेप अफिवात या नव्या, अवाढव्य स्टेशनातून सुटतात. हुआ लाम्फोंग या जुन्या स्टेशनातून काही साध्या गाड्या अजूनही निघतात. अयोध्येचं नाव घेऊन चौदाव्या शतकात वसलेली आणि १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केलेली अयुत्थया बघायला त्या सोयीच्या. कांचनाबुरीला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात युद्धकैद्यांच्या आणि आशियाई मजुरांच्या मरणावर उभ्या राहिलेल्या रेल्वेकडे जायचं तर नदीपलीकडचं थोनबुरी स्टेशन गाठावं लागतं. या दोन्ही जागांना स्वतंत्र दिवस द्यावा. आपल्याला आज जायचंय ते चौथ्याच स्टेशनावर, वोंगवियन याईला.

वोंगवियन याई म्हणजे मोठा वाटोळा चौक. मधोमध राजा ताकसिनचा अश्वारूढ पुतळा आहे. त्याच नावाचं बीटीएस स्टेशन आहे, पण ते उन्नत मेट्रोचं. रेल्वेचं स्टेशन तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, दुकानांच्या मागे दडलेलं. पहिल्यांदा जाणाऱ्याची इथेच चुकामूक होते, तेव्हा हाताशी वेळ ठेवून निघा. घड्याळाची एक गंमत ध्यानात असू द्या: थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. मुंबईहून आदल्या दिवशी आलेल्या माणसाला तिथले सात वाजतात तेव्हा त्याच्या शरीरात अजून साडेपाचच वाजलेले असतात.

या स्टेशनाला बाकीच्या थाई रेल्वेचा एकही रूळ येऊन मिळत नाही. कारण इतिहासात आहे. ता चिन नदीपर्यंतच्या लोहमार्गासाठी १९०१ मध्ये एक खासगी कंपनी निघाली. नदीपलीकडे मेक्लोंगपर्यंत रूळ टाकायला १९०५ मध्ये दुसरी कंपनी आली. १९०७ मध्ये दोन्ही एकत्र झाल्या, पुढे सरकारजमा झाल्या, पण मधल्या नदीवर रेल्वेचा पूल कधी झाला नाही. त्यामुळे रेल्वेचे दोन तुकडे आजही वेगळे आहेत: अलीकडे साधारण एकतीस किलोमीटर, पलीकडे तेहतीस-चौतीस. पूर्वी अलीकडची गाडी चाओ फ्राया नदीच्या काठापर्यंत, ख्लोंग सानच्या धक्क्यापर्यंत जायची. तो शेवटचा भाग १९६१ मध्ये बंद झाला. ही सगळी आखणी किनाऱ्यावरची मासळी, मीठ आणि बागाईत माल राजधानीच्या धक्क्यावर आणण्याची. प्रवासी त्यासोबत आले.

गाड्या साधारण तासाला एक. आपल्याला हवी ती सकाळी साडेआठच्या सुमाराची. तिकीट गेली अनेक वर्षं दहा बाटच्या आसपास राहिलं आहे. वेळ आणि भाडं दोन्ही स्टेशनातल्या फलकावर पडताळून घ्या, कारण बदल तिथे आधी लागतो आणि इंटरनेटवर नंतर. डिझेलची छोटी गाडी सुटते आणि पहिली पंधरा मिनिटं लोकांच्या परसातून जाते. वाळत घातलेले कपडे, झोपाळे, कुंड्या, देवाची छोटी घरकुलं, सगळं हाताच्या अंतरावर. हात मात्र आत ठेवा. मग घरं विरळ होतात, माडांच्या बागा आणि मत्स्यशेतीची तळी लागतात, आणि तासाभरात महाचाई येतं.

महाचाई म्हणजे ‘महाजय’. ज्या प्रांतात ते आहे त्याचं नाव समुत साखोन, म्हणजे समुद्र आणि सागर. पुढचा प्रांत समुत सोंगख्राम, म्हणजे समुद्र आणि संग्राम. बँकॉकच्या दक्षिणेचा समुत प्राकान म्हणजे समुद्र आणि प्राकार. संस्कृतातून गेलेले हे शब्द थाई उच्चारात असे मुरलेत की कानाला पहिल्यांदा परके वाटतात. फोड करून पाहिली की मराठी माणसाला नकाशाच वाचता येऊ लागतो. ‘नदी’ला मात्र त्यांचा स्वतःचा शब्द आहे: ‘मे नाम’, माय आणि पाणी. आपण गोदामाई, कृष्णामाई म्हणतो तसंच.

महाचाईची गाडी बाजाराच्या पोटातच थांबते. उतरल्यावर सुक्या मासळीचा आणि बर्फाच्या पाण्याचा वास अंगावर येतो. कुलाब्याच्या ससून डॉकशी ज्याचं नातं आहे त्याला इथे कुणी काही समजावायला नको. थायलंडच्या मासळी-उद्योगाचं हे मोठं केंद्र आहे, आणि तो उद्योग म्यानमारहून आलेल्या हजारो कामगारांच्या हातांवर चालतो. दुकानांच्या पाट्यांवर थाई अक्षरांबरोबर गोल गोल ब्रह्मी अक्षरं दिसतात, काही बायकांच्या गालांवर पिवळसर थनाखाचा लेप दिसतो. कोळंबीचं जे बंद पाकीट जगभरच्या दुकानांत पोचतं, त्याच्या मागची माणसं अशी रस्त्यात भेटतात.

इथून धक्का पाच मिनिटांवर आहे. नदी ओलांडणारी नाव सतत ये-जा करत असते, त्यावर स्कूटरी चढवून लोक कामाला जातात. चार-पाच बाट दिले की पाच मिनिटांत पलीकडे, ता चालोमला. हे गावही साधं नाही. बँकॉकबाहेरची पहिली स्थानिक स्वच्छता-संस्था, आपल्या नगरपालिकेच्या धर्तीची, राजा चुलालोंगकॉर्नच्या काळात, १९०६ मध्ये, इथे सुरू झाली. बाजार घाण आहे हे राजाच्या कानावर गेलं होतं. गावातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून रस्ता विटांनी बांधून घेतला, आणि राजा स्वतः त्याच्या उद्घाटनाला आला.

नावेतून उतरल्यावर बान लेम स्टेशन चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. ‘रोत फाय’ म्हणजे आगगाडी, इतकं विचारलं तरी लोक हात करून दाखवतात. शब्दशः अर्थही तोच, आगीची गाडी. इथे रेंगाळू नका. दहाच्या आत स्टेशनात असायला हवं. या पलीकडच्या तुकड्याचं वेळापत्रक फार जुनं नि फार सोपं आहे, आणि ते समजलं की अख्खा दिवस हातात येतो.

बान लेमहून गाडी सुटते साडेसात, दहा दहा, दीड आणि चार चाळीसला. तासाभराने ती मेक्लोंगला पोचते: साडेआठ, अकरा दहा, अडीच, पाच चाळीस. मेक्लोंगहून निघते सहा वीस, नऊ, साडेअकरा आणि साडेतीनला. या आकड्यांवरून बोट फिरवलं की लक्षात येतं, ही एकच गाडी दिवसभर येरझाऱ्या घालते. संध्याकाळी पाच चाळीसला आलेली गाडी रात्री मेक्लोंगलाच राहते, आपल्या खेड्यांतल्या मुक्कामाच्या एसटीसारखी, आणि सकाळी सहा वीसला तीच परत निघते. म्हणून सकाळी तिला उशीर झाला तर तो दिवसभर पुढे सरकत राहतो. आणि म्हणूनच बाजाराच्या छत्र्या दिवसातून बरोबर आठ वेळा मिटतात.

आता दहा दहाच्या गाडीचा खरा फायदा बघा. ती अकरा दहाला पोचते आणि साडेअकराला परत निघते. म्हणजे जाताना तुम्ही बाजार गाडीच्या आतून बघता, उतरता, वीस मिनिटांत रुळांवरून चालत बाजारात शिरता, आणि तीच गाडी जाताना बाहेरून बघता. एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी. व्हॅनने येणाऱ्याला यातली अर्धी बाजू मिळत नाही.

पण त्याआधी तासाभराचा प्रवास आहे, आणि माझ्या मते या दिवसातला सगळ्यात शांत तास तोच. रुळांच्या दोन्ही बाजूंना मिठागरं लागतात. भांडुप-मुलुंडची, वडाळ्याची मिठागरं पाहिलेल्याला, आणि आगरी घरातल्या माणसाला तर नक्कीच, इथली रीत एका नजरेत कळेल. भरतीचं पाणी आधी मोठ्या कप्प्यांत घ्यायचं, उन्हाने ते दाट होत गेलं की पुढच्या, आणखी उथळ कप्प्यात सोडायचं, शेवटच्या कप्प्यात खडे धरले की ओढून त्यांचे ढीग करायचे. पावसाळा संपल्यावर काम सुरू होतं आणि एप्रिल-मेपर्यंत चालतं. तेव्हा गेलात तर खिडकीतून पांढऱ्या ढिगांच्या रांगा दिसतात, पावसाळ्यात नुसतं आभाळ पडलेलं पाणी. ज्या मिठासाठी आणि मासळीसाठी रेल्वे टाकली, ते मीठ अजून रुळांना लागून आहे.

मेक्लोंग जवळ आलं की गाडीचा वेग पळणाऱ्या माणसापेक्षाही कमी होतो. आता बाजाराची रचना नीट पाहा, कारण सगळी करामत तिच्यात आहे. रुळांच्या दोन्ही कडांना दुकानं. प्रत्येकाची ताडपत्री बांबूच्या किंवा लोखंडी दांड्यावर ताणलेली, आणि दांडा असा बसवलेला की एका हाताने खेचला की मागे जातो. मालाचे दोन प्रकार. उंच मांडलेला माल चाकांच्या फळ्यांवर असतो; या फळ्या रुळांच्या काटकोनात दुकानाकडे ढकलल्या जातात. बुटका माल, म्हणजे भाजीच्या, मिरच्यांच्या, मासळीच्या चपट्या टोपल्या, जमिनीलगतच असतो. तो हलवायची गरजच नसते, डबा त्याच्यावरून जातो. कुठली टोपली किती उंचीपर्यंत भरायची हे विकणाऱ्या बाईला सवयीने ठाऊक असतं. गाडी येण्याची सूचना होते, भोंगा ऐकू येतो, तरी कुणी धावपळ करत नाही. गाडी पन्नास पावलांवर आली की छत्र्या मिटतात, आणि तिच्या पाठीला लागूनच उघडतात. मधल्या वेळात सौदा तुटत नाही: पैसे देणारा आणि सुट्टे मोजणारी, दोघं डबा जाईपर्यंत एकेक पाऊल मागे सरतात, इतकंच.

बघणाऱ्याने काय करावं? रुळांपासून शक्य तितकं मागे, एखाद्या दुकानाच्या आत उभं राहा, आणि त्या दुकानातून आधी काहीतरी विकत घ्या. जागा त्यांची आहे. पाठीवरची पिशवी पोटाशी घ्या, मुलांचा हात धरा, मोबाइल धरलेला हात लांबवू नका. डबा खरोखर वीतभर अंतरावरून जातो, त्याच्या पायऱ्या आणि दांडे त्याहून बाहेर असतात. गाडी गेल्यावर गर्दीही निघून जाते, आणि तेव्हा बाजारहाट करायला खरी मजा येते.

या बाजारात पहिल्यांदा शोधायची वस्तू म्हणजे ‘प्ला थू’. बांबूच्या चपट्या करंडीत दोन-तीन मासे शेजारी शेजारी निजवलेले, आणि प्रत्येकाची मान खाली मोडलेली. मेक्लोंगचा प्ला थू ओळखायचा तो या मोडक्या मानेवरून, असं थाई लोक सांगतात. कारण अगदी व्यवहारी आहे: करंडी लहान, मासा तिच्यापेक्षा लांब, म्हणून मान वाकवून बसवतात आणि करंडीसकट मिठाच्या उकळत्या पाण्यात बुडवून काढतात. आता आपल्यासाठीची गोष्ट. हा मासा बांगड्याचा सख्खा चुलतभाऊ आहे. शास्त्रीय वर्गवारीत दोघं एकाच ‘रास्ट्रेलिगर’ वंशातले. प्ला थू अंगाने थोडा बुटका नि रुंद, एवढाच फरक. मालवणात बांगड्याची जी जागा ती इथे प्ला थूची, गरिबाघरचा आणि सगळ्यांच्या आवडीचा. तळलेला प्ला थू, उकडलेल्या भाज्या आणि कापीची तिखट चटणी, हे जेवण बँकॉकच्या घराघरात होतं. कापी म्हणजे जवळ्यासारख्या बारीक कोळंबीत मीठ घालून, कुटून आंबवलेला लगदा. हीही याच किनाऱ्याची खासियत.

शाकाहारी माणसाने इथे एक शब्द पाठ करावा: ‘जे’. पिवळ्या कापडावर लाल अक्षरात तो लिहिलेला दिसला की त्या ठिकाणी मांस-मासळी नाही, कांदा-लसूणही नाही. नुसतं ‘भाजी द्या’ म्हटलं तर भाजीवर माशाचा अर्क पडणारच, कारण तो त्यांना मिठासारखा आहे. फळांना मात्र कसलीच अडचण नाही. समुत सोंगख्रामची पपनसं नावाजलेली आहेत. सोलून, फोडी करून मिळतात.

तिसरी वस्तू माडाचा गूळ. माडाच्या पोयीचं टोक कापून सकाळ-संध्याकाळ नीरा उतरवायची. ती आंबू नये म्हणून मडक्यात आधीच एका विशिष्ट झाडाच्या लाकडाचे तुकडे टाकून ठेवायचे. मग मोठ्या कढयांत आटवायची, घट्ट झाली की घोटून वाट्यांत ओतायची. गोव्यात माडाचं गोड करतात त्याचंच हे दुसरं घर. गोव्याचा गूळ काळाभोर, इथला फिकट बदामी. चाखून बघा आणि सोबत आणा. विकत घेताना तो निव्वळ माडाचा आहे की त्यात साधी साखर मिसळली आहे, हे विचारा.

बाजाराला लागूनच वात फेत समुत हे देऊळ आहे. तिथली उभी बुद्धमूर्ती, लुआंग फो बान लेम, कोळ्यांच्या जाळ्यात सापडली अशी कथा आहे. समुद्राने दिलेला देव आपल्या किनाऱ्यालाही नवा नाही. ऊन चढलेलं असतं, देवळात दहा मिनिटं टेकायला हरकत नाही.

दुपारी परतायचं असेल तर साडेतीनची गाडी ही शेवटची संधी. पण शुक्रवार, शनिवार किंवा रविवार असेल तर परतू नका, अम्फवाला जा. ‘सोंगथेव’ नावाची, मागे समोरासमोर दोन बाकं टाकलेली पिकअप बाजारातून सुटते. सोंगथेव म्हणजेच ‘दोन रांगा’. सात-आठ किलोमीटरचा रस्ता. अम्फवा या नावात ‘अम्ब’ आहे, म्हणजे आंबाच. आमराई असा त्याचा अर्थ लावतात. रामायणाची थाई नाट्यरूपं रचणारा कवी-राजा दुसरा राम याचा जन्म इथला. ओढ्याच्या दोन्ही काठांना जुनी लाकडी घरं आणि त्यांच्या पायऱ्यांशी लागलेल्या होड्या. होडीतच चूल, होडीतच भाजलेली कोळंबी नि नूडल्स. गिऱ्हाईक पायरीवर बसून खातं. हा पाण्यावरचा बाजार दुपारनंतर भरतो.

अंधार पडला की होड्या काजवे दाखवायला निघतात. ‘लाम्फू’ नावाच्या झाडांवर ते बसतात. आपल्या खाड्यांत चिप्पी दिसते ना, तिच्याच कुळातलं हे झाड. नर काजवे एका लयीत, एकदम पेटतात नि एकदम विझतात, त्यामुळे अख्खं झाड श्वास घेतल्यासारखं दिसतं. होडीवाल्याला इंजिन झाडाजवळ बंद करायला सांगा, फ्लॅश वापरू नका, मोठ्याने बोलू नका: काठावर लोकांची घरं आहेत आणि त्यांनाही झोपायचं असतं. बँकॉकला परतायला ‘रोत तू’, म्हणजे कपाटासारखी बंद व्हॅन मिळते. शेवटची किती वाजता सुटते ते अम्फवाला उतरल्याबरोबर विचारून ठेवा, आणि काजव्यांची होडी त्या हिशेबाने घ्या.

आणखी एक बाजार उरतो, आणि त्यासाठी वेगळी सकाळ काढावी लागेल. अम्फवाजवळच ता खा नावाचं गाव आहे. तिथला होड्यांचा बाजार परंपरेने तिथीवर भरतो: दोन्ही पक्षांतली द्वितीया, सप्तमी आणि द्वादशी. आता शनिवार-रविवारीही भरतो, पण मूळ हिशेब चंद्राचा. दोनावरून सात, सातावरून बारा, बारावरून पुढच्या पक्षातली दोन. मोजून पाहा, साधारण दर पाचव्या दिवशी बाजार येतो. आपला आठवडे बाजार वाराला बांधलेला, हा तिथीला. बागाईतदार बायका नारळ, भाजी, गूळ होडीत घालून पहाटे येतात आणि दुपारच्या आत वल्हवत घरी जातात.

म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय उघडा. थाई पंचांग आणि आपलं यांत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, तेव्हा तारीख तिथल्या हॉटेलवाल्याकडून पक्की करून घ्या. काजव्यांना काळोख लागतो. वद्य सप्तमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, वद्य द्वादशीला पहाटेपूर्वी, आणि शुद्ध द्वितीयेची कोर दिवेलागणीनंतर लगेच मावळते. यांपैकी एखादी तिथी शुक्रवारी, शनिवारी किंवा रविवारी येत असेल तर सकाळी ता खाच्या होड्या, दुपारी अडीचच्या गाडीला मिटणाऱ्या छत्र्या आणि रात्री अम्फवाची झाडं, तिन्ही एकाच दिवसात बसतात.